देवाची मेंढी

चित्रात मेंढ्या त्रेसष्ट होत्या. पांढऱ्या एक्केचाळीस, काळ्या चौदा, आणि तोंडाशी तांबूस झाक असलेल्या आठ. शिवाय घोडं एक, कुत्री दोन, बाभळी पाच आणि कळपामागं पाठमोरा चालणारा माणूस एक.

सकाळचे सात वाजले होते. हर्सूलच्या एका घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत सत्यशीला आपल्या धाकट्या भावाकडून हे सगळं पाठ करून घेत होती. अकरा वाजता त्याला जिल्हा न्यायालयात साक्षीसाठी उभं राहायचं होतं!

"पुन्हा म्हण, रामा."

"आक्का, मी काय बालवाडीत हाय का?"

"म्हण. डोंगराच्या निळ्यात काय मिसळलंय?"

रामहरीनं जरा विचार केला. "काळा. थोडा."

"काळा नाय रे! जांभळा आन् मातकट. काळा घातला की निळा मरतो. तूच शिकवलं व्हतं ना मला?"

त्यानं मान खाली घातली आणि चहाची कपबशी उचलली. कप बशीवर किणकिणत राहिला... सत्यशीलानं पटकन पुढं होऊन ती त्याच्या हातातून काढून घेतली, अगदी सहज, जणू तिला ती धुवायलाच न्यायची होती.

रामहरीचा उजवा हात थरथरायला लागून सहा वर्षं झाली होती. त्याआधी तो खरोखरच मोठा चित्रकार होता. पाचोडकडच्या माळावरून शहरात आलेला, वसतिगृहात राहून कला महाविद्यालयात पहिला आलेला, ज्याच्या चित्रांसाठी मुंबई-पुण्याहून माणसं येत असा! त्यानं शिकावं म्हणून सत्यशीलानं सातवीतच शाळा सोडली आणि बापाच्या, बिरूच्या मेंढरांमागं काठी घेऊन चालू लागली. पुढं नवरा वारला, ती भावाकडं आली, आणि त्याचे रंग कालवता कालवता तिनं आधी आभाळं भरली, मग डोंगर भरले... आणि ज्या दिवशी डॉक्टरांनी "हा कंप जाणार नाही" असं सांगितलं, त्या दिवशी तिनं काही न बोलता त्याच्या हातातला ब्रश घेतला. खाली सही मात्र रामहरीची राहिली. तीही तीच काढायची. आपल्या घरात कळपावर खूण बापाची असते, मेंढरं कुणीही वळोत. तसंच हे, असं तिनं स्वतःच्या मनाला समजावलं होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण बिडकीनकडच्या एका कारखान्यानं हेच चित्र न विचारता पडद्यांवर छापलं, आणि छापताना सहीचा कोपरा कापून टाकला. रामहरी पेटून उठला. "माझं नाव कापलं!" म्हणत त्यानं दावा लावला. कारखान्यानं उलट विचारलं, हे चित्र यांनीच काढलं कशावरून?

त्याच्या वकील, सुरेखाताई, घरी आल्या होत्या त्या दिवशी सत्यशीला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सुरेखाताई सांगत होत्या, "सर, कायदा फार स्पष्ट आहे. ज्याच्या हातानं चित्र झालं, तो चित्रकार. चित्र विकलं, हक्कही लिहून दिले, तरी 'हे मी काढलंय' असं म्हणायचा हक्क त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही."

ट्रेमधले कप एकमेकांवर आपटले. कुणी वळूनही पाहिलं नाही. आणि सत्यशीलाच्या अंतःकरणात मात्र काहीतरी इतकं हललं, की ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली... माझं! कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं, माझं! पण दुसऱ्याच क्षणी ती भानावर आली. रामानं तर शपथपत्रावर लिहून दिलंय, चित्र मी काढलं म्हणून. उघडकीला आलं तर? खोट्या शपथेला तुरुंग असतो म्हणतात!

त्या दिवसापासून तिला धड जेवण गेलं नाही. आणि म्हणूनच ती त्याला मेंढ्या मोजून देत होती.

निघताना त्यांची माय, म्हाळसाबाई, उंबऱ्याशी बसली होती. तिनं लेकाच्या कपाळाला भंडारा लावला. लेकीकडं मात्र ती नुसती पाहत राहिली.

न्यायालयात पंखे फिरत होते तरी सत्यशीलाच्या पदराला घाम पुसून पुसून ओल आली होती. ती मागच्या बाकावर बसली होती. पुढं, तिपाईवर तिचंच चित्र ठेवलेलं. आणि त्याच्या शेजारी पिंजऱ्यात उभा भाऊ, उजवा हात खिशात घातलेला.

कारखान्याचे वकील वयस्क, गोड बोलणारे होते. डोंगराचा निळा रंग त्यांनी विचारला. रामहरीनं बरोबर सांगितला. कॅनव्हासचं माप विचारलं, तेही बरोबर. सत्यशीलाचा श्वास जरा मोकळा झाला.

"आणि सर, सहज विचारतो," वकील हसले, "मेंढ्या किती असतील हो अंदाजे?"

"त्रेसष्ट!" रामहरी म्हणाला. "पांढऱ्या एक्केचाळीस, काळ्या चौदा, तांबड्या आठ."

वकिलांचं हसू थांबलं. "अरे वा! मी आजवर बरेच चित्रकार पाहिले. आपली मेंढरं पाठ करून आलेला पहिलाच पाहतोय." ते आपल्या सहायकाकडं वळले. त्यानं चित्राजवळ जाऊन, बोट न लावता, दोनदा मोजलं आणि कानात काही सांगितलं. "पण चौसष्ट आहेत ना, सर. ही बाभळीआड, लांब लोकरीची. हिला विसरलात? आपणच काढलेलीला?"

रामहरीचा चेहरा उतरला. त्यानं चित्राकडं पाहिलं, मग वकिलांकडं, आणि शेवटी, लहानपणी गणित अडलं की पाहायचा तसं, मागच्या बाकाकडं पाहिलं.

"तिला मोजत नसतात!" सत्यशीलाच्या तोंडून निघून गेलं. "ती देवाची हाय!"

सारं न्यायालय वळलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण बोललं?"

तिला उठावंच लागलं. तिचा बाप, बिरू, कळपातली एक मेंढी बिरोबा देवाच्या नावानं सोडायचा. तिची लोकर कातरायची नाही, तिला विकायचं नाही, आणि कळप मोजताना तिला मोजायचं नाही. वर्षानुवर्षं कळपामागं चाललेल्या सत्यशीलाला हे श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं, आणि सुट्टीपुरतं घरी येणाऱ्या रामहरीवर कळप मोजायची वेळच कधी आली नव्हती. भावाला पाठ करून देतानाही तिनं ती वगळूनच मोजलं होतं...

"बाई, चित्रकाराला माहीत नाही ते तुम्हाला कसं माहीत?" वकिलांनी हळूच विचारलं.

सांगायलाच हवं होतं काहीतरी, रामाला वाचवायला हवं होतं! "साहेब, त्यानंच सांगितलं व्हतं मला... तो इसरला आसंल, त्याची तब्येत बरी नाय, मी आडाणी बाई, मला चितरातलं काय कळतंय..."

"बस्स, आक्का!"

रामहरीनं खिशातला हात बाहेर काढला आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला. लाकडावर बोटं टकटक वाजू लागली, थांबेचनात.

"साहेब, ह्या हातानं मला चहाची बशी धरवत नाय. मेंढरं कशी काढीन? हे चित्र माझ्या बहिणीचं. हेच नाय... सहा वर्षांतली समदी तिची. सहीसुद्धा तीच करती. मी खोटी शपथ घेतली."

बाहेर व्हरांड्यात सुरेखाताईंचा आवाज रागानं कापत होता. "मला तरी सांगायचं होतं! आता दावा मागं घ्यावा लागेल. तुमच्यावर खोट्या शपथेबद्दल नोटीस निघणार, ती मी थांबवू शकत नाही. ताईंच्या नावानं नवा दावा करता येईल, पण त्यांनाही सिद्ध करावं लागेल की हात त्यांचाच."

"मला नको दावाबिवा," सत्यशीला हात जोडून म्हणाली. "माझ्या भावाला सोडवा तेवढं."

"नाय, आक्का! दावा तुझ्याच नावानं व्हईल," रामहरी म्हणाला. "मी लई मोठा अपराध केला. लोकांनी वाहवा केली की मला खरंच वाटायचं गं, मीच काढलंय म्हणून..."

आणि तेव्हा, सहा वर्षं छातीत कोंडलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "लोकांत नसतं म्हणलास तरी चाललं असतं रे! घरात तरी? एकदा? भाकर खाताना, मायपुढं, एकदा तरी म्हणायचं व्हतं, की आज आक्कानं चांगलं काढलं... मी तेवढ्यावर जन्म काढला असता, रामा!"

भर व्हरांड्यात, पक्षकारांच्या गर्दीत, रामहरीनं तिचे दोन्ही हात आपल्या थरथरत्या हातात घेतले आणि त्यांवर कपाळ टेकून तो लहान मुलासारखा रडला. तिनं हात सोडवून घेतले नाहीत. मग म्हणाली, "ऊठ. लोक बघायलेत. वकीलबाईंना बी हसू येईल."

घरी म्हाळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडं वळली.

"लेकाच्या हातातून चहा सांडतोय, आन् चितरातली रेघ सरळ? म्हातारी हाय मी, आंधळी नाय. लेकीचं नाव झालं तर लेकाचं काय राहील, म्हणून मीच गप राहिले. सत्ये, तुझ्यावर पहिला अन्याय तुझ्या मायनं केला गं!"

सत्यशीला मायच्या मांडीवर डोकं ठेवून किती वेळ पडली होती, ते तिचं तिलाही कळलं नाही.

नवा दावा दाखल झाला. कारखान्यानं तोच आक्षेप घेतला: ही बाई चित्रकार कशावरून? तेव्हा न्यायालयानं एक कमिशनर, म्हणजे जागेवर जाऊन अहवाल देणारा अधिकारी, नेमला. त्याच्या समोर, कोऱ्या कॅनव्हासवर, तिनं चित्र काढून दाखवायचं होतं. रामहरीच्या नोटिशीचा निकाल अजून लागला नव्हता. तो दर तारखेला जात होता आणि खालमानेनं परत येत होता.

ठरलेल्या दिवशी पत्र्याच्या खोलीत कमिशनर खुर्ची टाकून बसले, शेजारी त्यांचा लिपिक, आणि कोपऱ्यात कारखान्याचे तेच वकील. रामहरी दाराबाहेर उभा राहिला. आत यायची त्याला परवानगी नव्हती.

"काय काढणार?" कमिशनरांनी विचारलं.

सत्यशीलाला काही सुचेना. नाही जमलं तर? सहा वर्षं ती दार लावून काढत आली होती. इतक्या डोळ्यांसमोर तिनं कधी एक रेघही ओढली नव्हती!

जिन्यावर काठीचा आवाज आला. म्हाळसाबाई धापा टाकत वर आली होती, नवं लुगडं नेसून. तिनं खिडकीजवळचं स्टूल पाहिलं आणि कुणालाही न विचारता त्यावर बसली.

"मला काढ," ती म्हणाली. "कधी काढलं नाहीस."

"हलायचं नसतं, माय. लई वेळ लागंल."

"काढ गं. मला कुठं जायचंय?"

सत्यशीलानं ब्रश उचलला.

काम संपल्यावर कमिशनरांनी फूटपट्टी लावली आणि लिपिकाला सांगितलं, "लिहा. चित्र: वृद्ध स्त्री, बसलेली. सुरुवात अकरा वाजून पाच मिनिटं, शेवट दोन वाजून चाळीस मिनिटं. एकूण तीन तास पस्तीस मिनिटं. दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. सही खाली, उजव्या कोपऱ्यात, सत्यशीला. अक्षरं चार. लांबी नऊ सेंटिमीटर."