आकडा सांभाळणारा

लिफ्टचं दार उघडलं आणि पुस्तकांचं खोकं सांभाळत एक उंच, चष्मेवाला मुलगा बाहेर पडला. समोर ती उभी होती. पायात नुसते मोजे, केस विस्कटलेले आणि चेहरा असा, की मुलगा पुन्हा लिफ्टमध्ये शिरण्याच्या बेतात आला.

"पाटी दिसली नाही का?" तिने विचारलं.

मोजणी चालू असताना लिफ्ट वापरू नये, अशी ती पाटी त्याच्या खोक्याआड गेली होती. तळघरात तिचा लंबक टांगलेला होता, केसाहून बारीक तारेला. लिफ्ट हलली तरी तो बिचारा दचकायचा. दोन वस्तू अगदी जवळ, कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर आणल्या, तर गुरुत्वाकर्षण पुस्तकात लिहिलंय तसंच वागतं का, एवढंच तिला त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं. त्या एवढ्याशापायी तिने उमेदीची वर्षं घातली होती. डिपार्टमेंटमध्ये तिला सगळे लंबकवाली म्हणत.

"सॉरी, मी आजच रुजू झालोय," तो म्हणाला. मग तिच्या पायांकडे बघून, "आणि बूट...?"

"बूट घातले की त्याला कळतं."

त्याने तिथल्या तिथे बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तिला हसू आलं, पण रागावलेल्या माणसाने लगेच हसायचं नसतं, म्हणून तिने ते गिळलं.

तिच्या गाइड मॅडमची एक कडक पद्धत होती. माणसाला जे उत्तर हवं असतं तेच त्याला दिसायला लागतं, असं त्यांचं मत. म्हणून मोजण्यांमध्ये संगणक एक गुप्त आकडा मिसळायचा. तिने सगळ्या चुका शोधायच्या, निस्तरायच्या आणि सारं संपल्यावरच तो आकडा वजा करून खरं उत्तर बघायचं. तोवर आकडा एकाच माणसाला ठाऊक. हे काम मॅडमनी नव्या मुलाला दिलं, कारण त्याचं इथे कुणाशीच देणंघेणं नव्हतं. आठवडाभरात त्याचं नाव कुलूप पडलं.

आणि कुलूप तिच्याकडे बघेना. जिन्यात भेटलं की खाली बघायचं, ती बोलू लागली की चष्मा पुसायचा. तिने सरळ हिशेब मांडला. याला उत्तराचा अंदाज आलाय, उत्तर काही धड नाही, आणि हा माझी कीव करतोय. त्या विचाराने तिची भूक उडाली.

फोनवर वहिनीला सांगितलं, तर वहिनी म्हणाली, नजर चुकवणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी नक्की असतं. काय असतं, ते मात्र तिने सांगितलं नाही. वर सल्ला दिला, की गोड बोल आणि काढून घे. नणंदेने हा सल्ला तेवढा मनावर घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये ती त्याच्या समोर जाऊन बसली.

"आकड्याचं काही असेल तर मी उठतो," तो म्हणाला.

"मीठ पाहिजे होतं."

"मीठ तुझ्या टेबलावर होतं."

"ते... तितकंसं चांगलं नव्हतं."

त्याने मिठाची बाटली तिच्याकडे सरकवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. बघितलं ते जरा जास्तच वेळ. तिला मीठ घालायचं सुचेना.

मग रोजच मीठ लागू लागलं. पहिले काही दिवस तिने गळ टाकून बघितला. उत्तर मोठं असलं तर तू खूश होशील ना, असं विचारलं. तो म्हणायचा, मी पगार झाला की खूश होतो. हळूहळू गळ टाकायचं तिच्या लक्षातच राहीना. त्याच्या बोटांना खडूचा वास यायचा, हसताना तो मान तिरकी करायचा, आणि दुपार झाली की तळघरातलं घड्याळ तिला उगाचच मागे वाटायचं. पण मनातला संशय काही जात नव्हता. हा गोड बोलतो, पण काहीतरी दाबून ठेवतो.

मग एका मीटिंगमध्ये तिने आलेख पडद्यावर लावला. शेजारच्या इमारतीत ड्रिलिंग चालू होतं त्या काळातल्या मोजण्या वगळाव्यात, असं ती म्हणाली आणि त्या वगळल्या की उत्तराची रेष कशी सरकते ते दाखवलं. नजर सहज त्याच्याकडे गेली. कुलपाचा चेहरा साफ उतरला होता. क्षणभरच. पण तिने बघितलं, आणि तिने बघितलंय हे त्यानेही बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये आला नाही. ती वर गेली, तर तो मॅडमच्या केबिनमधून बाहेर पडत होता. तिला बघून मागे वळला आणि दुसऱ्या जिन्याने गेला. थोड्या वेळाने मॅडमनी तिला बोलावलं. आकडा बदललाय, आता तो मी स्वतः सांभाळेन, म्हणाल्या. ड्रिलिंगच्या मोजण्यांचा निर्णय बाहेरचे लोक घेतील आणि तपासणी पहिल्यापासून होईल. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

म्हणजे याने चुगली केली. मुलगी आकडा काढून घ्यायला बघते, असं सांगितलं. असा डाग एकदा लागला, की तिच्या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार? सगळी वर्षं पाण्यात. आणि आपण त्याच्याशी... तिला स्वतःचीच लाज वाटली.

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर सापडला. बूट काढून बसला होता.

"माझी तक्रार केलीस?"

"तक्रार केली. माझीच." तो चष्मा पुसायला लागला आणि मध्येच थांबला. "मॅडमना म्हटलं, मला या कामातून काढा. तुझं उत्तर तुझ्या मनासारखं यावं, असं मला वाटायला लागलंय. ज्याला तसं वाटतं, त्याने आकडा सांभाळायचा नसतो."

"असं... मॅडमना सांगितलंस?"

"हो. त्या म्हणाल्या, कालच्या मीटिंगमध्ये तुझ्या चेहऱ्यावरून सगळ्यांनाच कळलंय, तू एवढा घाबरू नकोस."

तिचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. ती त्याच्या शेजारी बसली.

"मग कॅन्टीनला का नाही आलास?"

"तू माझ्यासाठी येतेस की आकड्यासाठी, तेच मला कळत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "आणि मीटिंगमध्ये आलेख समोर होता. आकडा वजा व्हायचा तो झालाच डोक्यात. मला उत्तर माहीत आहे. तू विचारलंस, तर मला आता नाही म्हणता येणार नाही."

खाली लंबक शांत टांगलेला होता. ज्या उत्तरासाठी तिने झोप सोडली, मैत्रिणींची लग्नं सोडली, ते हातभर अंतरावर बसलं होतं, भोक पडलेल्या मोज्यांत. फक्त विचारायचं होतं. त्याने श्वास रोखून धरलेला तिला ऐकू येत होता.

"एक विचारू?" ती म्हणाली.

त्याने डोळे मिटून मान हलवली.

"उद्या दुपारी येशील?"