खाणीतून आणलेला रोलर

ती साखळी राहू दे तिथेच, सकाळी उचल. बस जरा. बाकीचेही आत या, दार ओढून घ्या, वारा झोंबतोय.

मघाशी तुम्ही हसत होतात ना, आबा दर दहा किलोमीटरला गाडी थांबवून साखळ्या चाचपतात, म्हातारचळ लागलाय म्हणून? चळ नाही रे. माझ्या साडूचं जे झालं ते मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा एका शब्दाचा फरक नाही. खोटं बोलणाऱ्याचं असं होत नाही; त्याची गोष्ट दर वेळी बाळसं धरते.

साडूला सगळे 'साखळ्या'च म्हणत. दुसरा ड्रायव्हर जिथे दोन साखळ्यांवर भागवेल तिथे हा चार लावणार, आणि वर प्रत्येकीला तारेची गाठ. माझी मेहुणी म्हणायची, "यांचं चाललं तर हे मलासुद्धा झोपताना चारी कोपऱ्यांना बांधतील." स्वतःची पिकअप आणि मागे चार चाकांचा ट्रेलर, एवढ्यावर त्याचं घर चालायचं. खोदायची यंत्रं, जनरेटर, काँक्रीटचे मिक्सर... पंधरा वर्षांत त्याचा एक बोल्ट रस्त्यावर पडला नव्हता.

सतरा फेब्रुवारीची रात्र. काम अगदी साधं होतं. एक दगडखाण बंद पडली होती, तिथला दोन टनी रोलर शहरातल्या ठेकेदाराने घेतला होता. तो पन्नास किलोमीटर ओढून न्यायचा. शहरात अवजड वाहनाला रात्री दहाच्या आधी शिरू देत नाहीत, म्हणून साखळ्या आठला खाणीवर पोचला. मुकादम एकटाच वाट बघत उभा होता. दांडगा गडी. कुजबुजला तरी दम दिल्यासारखं वाटावं असा आवाज. रोलर ठेकेदाराच्या ताब्यात द्यायला तो बरोबर येणार होता.

"आटप लवकर," मुकादम म्हणाला. "दोन साखळ्या टाक आणि नीघ."

"घाई तुमची, ट्रेलर माझा," साखळ्या म्हणाला.

रोलर त्याने स्वतःच ट्रेलरच्या मागच्या रॅम्पवरून वर चढवला आणि रॅम्प दारासारखी उभी करून अडकवली. वजन कसं ठेवायचं हे तो झोपेतही सांगेल: दहा आणे ट्रेलरच्या चाकांच्या पुढे, सहा आणे मागे. मागे जड झालं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि मग शेपूटच कुत्र्याला फिरवतं. रोलर जागेवर बसल्यावर त्याने चाकापुढे-मागे लाकडी ठोकळे ठोकले, चार कोपऱ्यांना चार साखळ्या आवळल्या, तारेच्या गाठी मारल्या. ट्रेलरच्या फळ्यांवर खडूने रेघ ओढली, रोलर किती हलला ते कळावं म्हणून. किल्ली काढून खिशात टाकली.

"चालवायचं कोण हे?" त्याने सहज विचारलं.

"होता एक म्हातारा. रोलरवाले काका म्हणायचे सगळे." मुकादम थुंकला. "दारू पिऊन स्वतःच्याच मशीनखाली आला. महिना झाला. चल."

पावणेनऊला गाडी सुटली. पहिले वीस किलोमीटर पाण्यासारखे गेले. काटा चाळीसवर, रस्ता मोकळा, मुकादम पाय पसरून घोरतोय. मग एक लांब उतार लागला, आणि उताराच्या मध्यावर पिकअपचा मागचा भाग हलका झाला.

ते कसं असतं, तुमच्यातल्या ज्यांनी ओढलंय त्यांना ठाऊक आहे. स्टिअरिंग हातात असतं, पण गाडी आपली राहत नाही. ट्रेलर डावीकडे गेला. उजवीकडे गेला. पुन्हा डावीकडे, आणखी लांब. अशा वेळी नवखा माणूस करकचून ब्रेक दाबतो आणि कडेच्या खड्ड्यात जातो. साखळ्याने ब्रेकला पाय लावला नाही. चाक सरळ धरलं, वेग मरू दिला, आणि फक्त ट्रेलरच्या ब्रेकचा खटका हाताने हळूहळू ओढला. ट्रेलर वठणीवर आला. गाडी कडेला घेतली तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

टॉर्च घेऊन तो मागे गेला. रोलर खडूच्या रेघेपासून वीतभर मागे सरकला होता.

त्याने साखळ्या तपासल्या. चारही ताठ. बोटाने टिचकी मारली की तारेसारख्या वाजत होत्या. गाठी जशाच्या तशा. ठोकळे मात्र रोलरबरोबर वीतभर मागे गेलेले, खिळ्यांसकट. साखळी सैल पडल्याशिवाय लोखंड सरकेल कसं?

"बांधता येत नाही आणि गमजा केवढ्या!" मुकादमाने खिडकीतून शिवी हासडली.

साखळ्या कामाला लागला. सगळं सोडलं, रोलर सुरू करून पुढे घेतला, पुन्हा आवळलं. अर्धा तास गेला. निघताना घरून फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"पोचलात का हो?"

"अजून तास लागेल. तू झोप."

"बरं. आणि त्यांना जरा गप्प बसायला सांगा, तुमचं काही ऐकू येत नाहीये."

"मुकादम आहेत बरोबर. ते तर गप्पच आहेत."

"मग मागे कोण बोलतंय? म्हातारा आवाज आहे. सारखं एकच म्हणतोय..."

"काय म्हणतोय?"

"'ब्रेक नाही साहेब. ब्रेक नाही.'"

मुकादमाने झडप घालून फोन बंद केला. साखळ्याने त्याच्याकडे पाहिलं. एवढा दांडगा माणूस, पण ओठांचा रंग उडाला होता.

"गाडी पळव," तो म्हणाला.

"मागे ओझं आहे साहेब. चाळीसच्या वर नाही."

"पळव म्हणतो ना!"

सव्वादहाला पुन्हा तसंच झालं. या वेळी रस्ता सपाट होता. तरीही मागचा भाग उचलला गेला, ट्रेलर शेपूट हलवू लागला. खटका ओढून ट्रेलर सावरता सावरता साखळ्याची नजर आरशात गेली. टेललाइटच्या लाल उजेडात रोलरची सीट दिसत होती.

सीटवर कोणीतरी बसलं होतं.

पाठमोरं. खांदे पाडून, दिवसभर काम करून दमलेला माणूस बसतो तसं.

"साहेब," साखळ्या हळूच म्हणाला, "मागे कोणी चढलंय का?"

मुकादमाने वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. समोर काचेत बघत तो म्हणाला, "थांबवू नकोस. काही झालं तरी थांबवू नकोस."

"का?"

मुकादमाने पाय आखडून घेतले.

"काका दारू पीत होते ना, साहेब?"

"...नाही."

"मग?"

"नाही म्हणाला मला. सगळ्या माणसांसमोर. ब्रेक नाही, खाणीच्या उतारावर मशीन घालणार नाही म्हणाला. मी... हातात पहार होती. एकच घातली. डोक्यात. पडला तो. पण मेला नव्हता... बघत होता माझ्याकडे." मुकादमाने तोंडावरून हात फिरवला. "माणसं पळाली. मग मीच मशीन सुरू केलं."



साखळ्याने पाय उचलला. गाडीचा वेग मरू लागला.

"थांबवू नको!" पायाशी पडलेला चाकाचा पाना मुकादमाने उचलला आणि साखळ्याच्या कानशिलावर घातला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कानातून ऊन ऊन काहीतरी मानेवर उतरलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. तरी पंधरा वर्षांचा हात तो; उजव्या हाताने स्टिअरिंग सरळ धरलं, डावा हात लुळा पडलेला, म्हणून गुडघ्याने ट्रेलरच्या ब्रेकचा खटका दाबला. गाडी थांबली. मधोमध, रिकाम्या रस्त्यावर.

मुकादम खाली उतरला. हातात पाना. बहुतेक वेड लागलं होतं त्याला. "ये खाली, थेरड्या!" ओरडत तो ट्रेलरच्या मागच्या बाजूने वर चढला. "एकदा मारलाय, परत मारीन!"

साखळ्या दार धरून कसाबसा उतरला. बघतो तर मुकादम रोलरच्या मागे उभा, आणि सीटवर पाना घालतोय. पुन्हा पुन्हा. सीट फाटली. आतला स्पंज उडाला. सीट रिकामी होती.

मग मुकादम थांबला. धापा टाकत हसला.

"बघ," तो म्हणाला. "कोणी नाही..."

चारही साखळ्या एकदम खाली पडल्या.

तुटल्या नाहीत. खाली पडल्या. अंगावरून शाल घसरावी तशा.

मागची रॅम्प धाडकन उघडली. तिला टेकून उभा असलेला मुकादम पाठीवर रस्त्यात आपटला.

रोलर हलला.

"आबा, पण किल्ली..."

किल्ली साखळ्याच्या खिशात होती. इंजिन बंद. आवाज फक्त लोखंडाचा.

रोलर रॅम्पवरून सावकाश उतरला. मुकादम कोपरांवर मागे सरकत होता. त्याला उठता येत नव्हतं. रोलर पायांशी पोचला. मग गुडघे. त्याची किंकाळी... साखळ्या म्हणतो, ती किंकाळी माणसाची वाटत नव्हती. रोलर कमरेशी थांबला.

आणि मागे फिरला.

रोलर कसा चालतो, माहीत आहे ना? एकदा पुढे. एकदा मागे. खालचं सपाट होईपर्यंत.

साखळ्याने एका हाताने पिकअपमधला लाकडी ठोकळा ओढला. ज्याने कानशील फोडलं त्याच्याचसाठी. का, ते त्यालाही सांगता येत नाही. धावला, आणि ठोकळा रोलरच्या चाकाखाली सारला. लाकूड करकरलं. चिरलं. पीठ झालं.

मग तो स्वतःच मध्ये उभा राहिला. लोखंड त्याच्या नडगीला टेकलं. थंडगार. ओलं.

"काका," तो म्हणाला. "पुरे."

रोलर थांबला.



"काका, मी सांगतो सगळ्यांना. दारूचं खोटं होतं, ते सांगतो. घरी जाऊन काकूंनाही सांगतो. पुरे आता."

लोखंड हळूच मागे हटलं. हातभर. मग तिथेच थिजलं.

मुकादमात जीव उरला नव्हता. पहाटेपर्यंत साखळ्या त्याच्या शेजारी रस्त्यावर बसून होता. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

साखळ्याने शब्द पाळला. आधी त्याच्यावरच बालंट आलं, ओझं नीट बांधलं नाही म्हणून. सहा महिने लायसन्स गेलं, खांद्यात सळई बसली. पण त्याने खाणीतलं सगळं सांगितलं, आणि पळालेल्यांपैकी दोन माणसं शेवटी बोलली. खाणीतल्या डबक्यातून पहार निघाली. काकूंकडे तो स्वतः गेला. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या म्हणे. फक्त "दारू नव्हती ना?" एवढं विचारलं, आणि त्याने "नव्हती" म्हटल्यावर दार लावून घेतलं.

लायसन्स परत मिळाल्यावर ट्रेलरची तपासणी करून घ्यायची होती. भर दुपारी, लखलखीत उन्हात तो वजनकाट्यावर गेला. पिकअप सोडवून बाजूला लावली, काट्यावर नुसता ट्रेलर. धुतलेला, रिकामा. कागदावर त्याचं वजन सातशे चाळीस किलो.

काटेवाला कागद आणि आकडा ताडत, मान वर न करताच म्हणाला, "आधी त्या माणसाला खाली उतरव."

साखळ्याने वळून पाहिलं. ट्रेलरवर कोणी नव्हतं. काटेवाल्याने मान वर केली, तोही बघत राहिला. काटा शून्यावर आणला. पुन्हा वजन केलं. दुसऱ्या काट्यावर नेलं. दोन्हीकडे तेच.

चिठ्ठी मी पाहिलीय. आठशे सहा.

...काकांचं वजन? कोणी केलं होतं रे कधी.