गळा कुणाचा?

खोटं बोलत असन तर माझी जीभ झडो. ह्याच उन्हाळ्यात, कुंभार पिंपळगावात, भर दुपारी सुरू झालंय हे.

मिथुन माझा सख्खा धाकटा भाऊ. गावात त्याचा फोटो स्टुडिओ हाय.

गावातल्या कारभारीची सून मीना गेली. "झोपेतच गेली," म्हणले घरचे. तिच्या आईनं, उषाबाईनं, शेवटची आठवण म्हणून मिथुनला मयताचा फोटो काढायला लावला.

फोटोत दिसलं... गळ्याला काळानिळा वळ.

सरण इझलं न्हाई, तोच कारभारी दुकानात. "तेराव्याला भिंतीवर लावायचाय. डोळे उघड. गळा साफ कर. अन् पहिला फोटो उडवून टाक."

आमच्या मुडद्यानं, मिथुननं, बराबर तसंच केलं!

उषाबाई आली. "लेकरा, तेवढाच पुरावा राह्यलाय रे. दे मला."

"कसला पुरावा, मावशी? बघा, कशी हसून राह्यली तुमची लेक."

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हा गळा माझ्या मीनाचा न्हाई... कुणाचा घेतला?"

मला मागून सांगितलं मिथुननं. वळ झाकायचा तर दुसऱ्या फोटोतला गळा उचलून चिकटवावा लागतो. हाताशी बायकोचा फोटो व्हता. शालूचा.

त्याच दुपारी शालू त्याला जेवायला हाक मारायला गेली...

आवाजच न्हाई.

तिनं मोबाईलमधले आपले फोटो बघितले. सगळ्यांत, गळ्याला वळ...

मंग आरशात.

मंग म्या सोता बोट लावून बघितलं. खरा वळ. ती कळवळली, पण तोंडातून हूं का चूं न्हाई.

अन् तिकडं, तेराव्याच्या पंगतीत, हार घातलेल्या मीनाच्या फोटोतून कुणीतरी खाकरलं...

आवाज शालूचा. म्या ऐकलाय. कारभारी ताट टाकून पळाला.

जालन्याचे दवाखाने झाले. शालूला आता पाणीबी उतरत न्हाई. मिथुन उषाबाईच्या पायावर पडला. तिनं पाय मागं घेतले.

"पूस की. तुला तर येतंय पुसायला."

काल मिथुनचा मेसेज आला. "ताई, तुझा एखादा फोटो पाठव ना. गळा बराबर दिसंल असा."

न्हाई पाठवला.

पण माझ्या लग्नाचे सगळे फोटो त्यानंच काढलेत... त्याच्याच कॉम्प्युटरात हायेत.

सकाळपासून फोन लावून राह्यले. उचलत न्हाई.