मागून येणारे

तह झाला त्या वर्षी आमच्या भट्टीला उसंत नव्हती. रोमन छावणीवरची निम्मी कौलं युद्धात फुटली होती आणि थंडीच्या आत सगळी छपरं शाकारायची होती. माझे हात दिवसभर कोपरापर्यंत चिखलात. त्यामुळे कैद्यांची पहिली होडी डॅन्यूब नदी ओलांडून आली, तेव्हा धक्क्यावर मी नव्हतो, ताई होती. पलीकडच्या सार्मात टोळ्यांनी पळवून नेलेली आपली माणसं त्यांनी परत करायची, ही सम्राटाने घातलेली पहिली अट.

दुपारी ताई भट्टीवर आली ती वेनिमार दाजींना घेऊनच. आठ वर्षांपूर्वी सार्मात घोडेस्वार त्यांना शेतातून दोरीने बांधून नेत होते, तेव्हा मी गवतात लपलो होतो. आता दाढी पांढरी झाली होती, डाव्या कानाची पाळी तुटली होती. हसणं मात्र तेच.

"काय रे बातो, अजून चिखलच का? मला वाटलं, एव्हाना फौजेत जाऊन आमच्यावर हुकूम सोडत असशील."

"तुमच्याशिवाय माझी शिफारस कोण करणार, दाजी?"

ताई हसली. तिचं हसणं मी विसरूनच गेलो होतो.

पुढे एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो. ताईने वरीची घट्ट पेज केली होती. दाजींनी वाडग्यात बोटाने मधोमध रेघ ओढली आणि एकीकडची तेवढी खाल्ली. भाकरीही अर्धीच. जवाची दारू अर्ध्यावर आली तसा पेला बाजूला सारला.

"का हो, ताईच्या हाताची चव गेली का?"

"मागून येतोय, त्याला नको का?" ते सहज म्हणाले.

"कोण?"

ते उरलेला वाडगा झाकून ठेवायला उठले. मला पोचवायला ताई अंगणात आली. "कैदेतली सवय असेल," ती म्हणाली. "झोपतानाही मध्ये जागा सोडतात. मी जवळ सरकले तर म्हणतात, तिथं नको."

त्यानंतरची होडी आली तेव्हा मी कौलांची गाडी घेऊन धक्क्यावरच होतो. नदीवर धुकं होतं. माणसं एकेक करून उतरली. त्यातला एकजण थेट माझ्याकडे आला. पांढरी दाढी, तुटलेली पाळी.

"काय रे बातो, अजून चिखलच का? मला वाटलं, एव्हाना फौजेत जाऊन..."

"दाजी," मी म्हणालो, "तुम्ही घरून इथं कधी आलात?"

त्यांचं हसू मावळलं. नवल वाटल्यासारखं काही दिसलं नाही, फक्त थकवा दिसला.

"म्हणजे तो आधी पोचला."

"तो कोण?"

"तिकडे सगळं सपाट आहे रे. झाड नाही, टेकडी नाही. गुरांमागे नुसतं चालायचं. एका सकाळी शेजारी बघतो, तर मीच चालतोय. आधी ओरडलो. मग सवय झाली. थंडीत सोबत बरी वाटते."

"पण तुमच्यातला खरा कोण?"

"तेच आम्ही एकमेकांना विचारायचो," ते म्हणाले. "मग सोडून दिलं."

मी आजूबाजूला पाहिलं. आमच्या शेजारची विणकरीण आपल्याच पोरीसमोर उभी होती. तीच पोर तिने आधीच्या होडीतून उतरवून घरी नेली होती. पोरीने हात पुढे केला होता. विणकरीण तो धरत नव्हती.

धक्क्यावरच्या अंमलदाराचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ज्यांना आधीच एकदा घरी नेलंय त्यांना परत होडीत बसवा," तो शिपायांना म्हणाला.

"साहेब, हे माझे दाजी आहेत."

"मग घरी कोण आहे?"

"दोघांनाही सांभाळतो आम्ही."

"आणि तिसरा आला म्हणजे?"

मी काही बोलेपर्यंत दाजी स्वतःच होडीत जाऊन बसले होते. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

घरी गेलो तर ताई दारातच उभी. आत दाजी भिंतीकडे तोंड करून निजले होते. वाडगा भरलेला होता.

"त्याला परत पाठवलंत," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी घास घेतला नाही. ताईने हातापाया पडून पाहिलं, चमच्याने भरवून पाहिलं. पेज ओठांवरून ओघळायची. काही दिवसांनी ते गेले. मी त्यांना एकट्याने उचललं. चिखलाच्या टोपलीएवढंही वजन नव्हतं.

त्याच आठवड्यात विणकरणीच्या घरातली पोरही गेली.

होड्या बंद झाल्या. पलीकडच्या काठावर मात्र माणसं उभीच आहेत. शेकोटी नाही, तंबू नाही, राखणदार नाहीत. रोज गर्दी वाढलेली दिसते. सुरुवातीला आमचे शिपाई ओरडायचे, "का रे, पोहता येत नाही का?" आता कोणी ओरडत नाही.

ताई रोज सकाळी काठावर जाऊन बसते. रडत नाही.

आज मीही तिच्याशेजारी बसलो. रात्री नदी गोठली होती. अंमलदार स्वतः भाल्याने काठचं बर्फ फोडत होता, घामाघूम होऊन. त्याने फोडलेलं त्याच्या मागे पुन्हा गोठत होतं.

पलीकडे पुढच्या रांगेतल्या एकाने पाय पुढे टाकला, बर्फ चाचपलं, आणि सावकाश मागे घेतला.

"अजून पातळ आहे," ताई हळूच म्हणाली.