काढून टाकलेलं पेडल

पटलं पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

ही हकीकत माझ्या थोरल्या मावशीची. आणि ती रात्रीची नाही. भर दुपारची, तीन-सव्वातीनची. गावाबाहेरच्या चढावरची.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या डिझेल गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेकचं एक पेडल होतं. शिकणारा गडबडला की काका तिकडून ब्रेक मारायचे. वर म्हणायचे, "घाबरू नका, मी पगार पायाचाच घेतो."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. मावशीने त्यांना शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी काढली.

हॉस्पिटल चढाच्या पलीकडे.

चढावर पुढे खडीचा ट्रक. रांगत चाललेला. वळणाच्या अलीकडे मावशीने ओव्हरटेकसाठी गाडी बाहेर काढली, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला...

गाडीने ऐन वेळी दम सोडला.

पुन्हा ट्रकच्या मागे. वरपर्यंत मागेच.

हॉस्पिटलच्या दारातच काकांनी प्राण सोडला. डॉक्टर सहज बोलून गेले, "दहा मिनिटं आधी आणलं असतं तर..."

ते वाक्य मावशीच्या डोक्यात घर करून बसलं. शिकवणी बंद झाली. मावशीने दुसरं पेडल काढून टाकायला लावलं. गाडी मात्र विकली नाही. आणि या वर्षी अचानक म्हणाली, "इंजिन रीमॅप करून घेते. ताकद वाढते म्हणे."

मी म्हटलं, "मावशी, आता काय उपयोग?"

"उपयोग नाही रे. राग आहे."



रीमॅप करणारा माणूस सरळ होता. पैसे घेऊन मोकळा झाला नाही. म्हणाला, "गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलली की ओढ वाढेल, खरं आहे. पण क्लच जुना आहे. टर्बोवर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, ताण येईल. विमावाल्यांना कळवावं लागेल. रोज जाता कुठे?"

"भाजी आणायला."

"मग कशाला हा खटाटोप?"

मावशी म्हणाली, "मला तो चढ चढायचाय." आणि तिने त्याला त्या सकाळचं सगळं सांगितलं.

आठवडाभर तिचं हो-नाही चाललं. शेवटी ठरलं, आधी त्याच चढावर गाडी तपासायची. लॅपटॉप जोडून. इंजिन कमी पडतंय का ते बघायचं आणि मग ठरवायचं.

तो पुढे बसायला गेला. मावशी चटकन म्हणाली, "तुम्ही मागे बसा. ती सीट..."

तो लांब वायर घेऊन मागे बसला.

दुपारी तीनला गाडी निघाली.

टिंग... टिंग... टिंग...

"बेल्टचा आवाज आहे," तो म्हणाला. "पुढच्या सीटवर काही ठेवलंय का?"

सीटवर काहीच नव्हतं.

मावशीने बाजूला थांबून त्या मोकळ्या सीटचा बेल्ट लावला.

आवाज बंद झाला.



चढ लागला. पुढे पाण्याचा टँकर होता. तसाच रांगत चाललेला. वळण जवळ आलं. तिने गाडी बाहेर काढली. पाय तळाला टेकवला...

टर्बोची शिट्टी थांबली.

इंजिनाची घरघर विरली.

गाडी जागच्या जागी जड झाली, आणि टँकर पुढे सरकला. मावशीने कशीबशी गाडी त्याच्या मागे घेतली. त्याच क्षणी वळणावरून एक बस भरधाव खाली आली. जिथे ही दोघं असती, तिथूनच गेली.

पुढे मोकळी जागा बघून मावशी थांबली. तिने हँडब्रेक ओढला.

मागून आवाज आला. "मावशी... तुम्ही ब्रेक दाबलात?"

"नाही. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता."

"इथे दोन्ही दिसतायत. ॲक्सिलरेटर पूर्ण. ब्रेकही. दोन्ही एकदम दाबले की ही गाडी स्वतःच ताकद काढून घेते." त्याने स्क्रीन पुन्हा पाहिली. "इंजिनात काही खोट नाही. ओढ व्यवस्थित आहे. तेव्हाही असणार."

तेव्हाही...

मावशीने शेजारी खाली पाहिलं. पेडलच्या जागी नुसती रबरी बुचं होती. पण मॅट चुरगळून पुढे सरकली होती. टाच रेटल्यासारखी.

दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी तिथे पेडल होतं. आणि काकांचा पाय.

त्या दिवशीही ट्रकच्या मागे आल्यावर समोरून काहीतरी मोठं गेलं होतं. मावशीला ते आत्ता आठवलं. दोन वर्षं ती गाडीला शिव्या घालत होती.

"मला विचारायचं तरी," ती त्या सीटकडे बघून म्हणाली. "दहा मिनिटं तुमची होती हो... माझ्यासाठी कशाला घालवलीत?"

मग तिने दोन्ही पाय वर सीटवर घेतले, गुडघ्यात डोकं घातलं आणि लहान पोरीसारखी रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

रीमॅप केलं नाही. गाडी आजही आहे तशीच आहे. मावशी आता बरी झोपते.

पण एक गोष्ट तिला ठाऊक नाही.

महिन्याभराने तो माणूस मला भेटला. म्हणाला, "त्या दिवशी मी लॅपटॉप लगेच बंद केला नव्हता. गाडी उभी होती, इंजिन चालू होतं, मावशी पाय वर घेऊन रडत होत्या. तेव्हाचंही सगळं त्यात नोंदलं गेलंय."

"मग?"

"ब्रेक दाबला जात होता. अगदी हलका. दाबला... सोडला... दाबला... सोडला. त्या रडायच्या थांबेपर्यंत. पाठीवर थोपटावं ना, तसा."

मी अजून मावशीला हे सांगितलेलं नाही.

सांगू की नको, तेच कळत नाही.