मुकादमसाठी सपाट घर

रविवारी दुपारी भांडी घासून झाली, हात पुसले आणि मुकादमला घेऊन मी घराबाहेर पडले. मुकादम म्हणजे माझ्या दादाचा कुत्रा. काळा, कान पडलेले, तोंडाशी थोडा पांढरा. नाव दादानंच ठेवलेलं. तो म्हणायचा, हा स्वतः काही काम करत नाही, फक्त मी कुठं थांबायचं ते सांगतो, मग मुकादमच की.

दादा आंधळा होता. आंधळा म्हटलं की माझी सून डोळे वटारते, पण जे होतं ते होतं. नवव्या वर्षी तापात डोळे गेले. वेताच्या खुर्च्या विणून त्यानं जन्म काढला, कुणापुढं हात पसरला नाही. कुत्राही त्यानंच शिकवला. पाठीवरच्या पट्ट्याला वेताची मूठ बांधलेली; ती धरायची आणि चालायचं. चढायची पायरी आली की मुकादम बसायचा. उतरायची आली की पायांपुढं आडवा उभा राहायचा. तो आडवा झाला की पाऊल हळूच पुढं सरकवून पायरीची कड चाचपायची आणि उतरायचं. एवढंच त्याचं शिक्षण, पण त्यात तो कधी चुकला नाही.

दादाला जाऊन दोन महिने झाले होते. विणायची खोली खाली होती, तिथं उतरताना पायऱ्यांवरून पडला. लोक म्हणाले, कुत्र्यानं ऐन वेळी दगा दिला. मी त्यावर काही बोलले नाही.

कुत्रा माझ्याकडं आला, पण माझ्या नातीला दमा. चार वर्षांची पोर, रात्र रात्र बसून श्वास ओढायची. डॉक्टरांनी सांगितलं, घरात एक तर कुत्रा राहील नाहीतर ही. आता यात निवडायचं काय?

आधी लाकडाच्या वखारवाल्यानं नेला. तिसऱ्या दिवशी परत आणला. म्हणाला, "हा भुंकतच नाही हो. चोर आला तर हात धरून आत घेऊन येईल."

मग एका जोडप्यानं नेला. चौथ्या दिवशी त्यातली बायको दारात.

"मावशी, हा हॉलच्या मधोमध आडवा उभा राहतो. कुणाला पुढं जाऊ देत नाही."

"मग ओलांडून जायचं."

"माझ्या सासूबाई गेल्या ओलांडून. तेव्हापासून त्या हॉलमध्ये पाय ठेवत नाहीत."

"का?"

"सांगत नाहीत."

"मग तुझा फायदाच झाला की," मी म्हटलं. ती हसली नाही. पट्टा माझ्या हातात दिला आणि वळून चालायला लागली, जवळजवळ पळतच.

तिसरं घर मी स्वतः शोधलं. मी दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. तिथल्या नर्सनं सांगितलं, एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, एकट्या राहतात, नजर जवळपास गेलीय, त्यांना शिकलेला कुत्रा हवाय. मुकादमसाठी याहून चांगलं घर कुठं मिळणार होतं? आणि हेही घर हुकलं असतं तर पुढं गाडी पाठवून कुत्रे उचलणारेच. ते नेतात आणि परत देत नाहीत. दादाच्या कुत्र्याला मी तिथं धाडणार नव्हते.

बाईंचं घर तळमजल्यावर, रस्त्याच्या पातळीला. मी आधी घर तपासलं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागचं दार. एकही पायरी नाही. उंबरासुद्धा नाही. फरशी अशी सपाट की गोटी ठेवली तर जागची हलायची नाही.

"तुम्ही कुत्रा द्यायला आलात की घर विकत घ्यायला?" बाईंनी खुर्चीतून विचारलं.

"माझ्या दादाचं लेकरू आहे ते. बघूनच देणार."

"बघा, बघा. तुम्हाला दिसतंय तर बघून घ्या."

बाई मला आवडल्या. म्हणाल्या, तो कसा चालवतो ते दाखवा. मी मूठ धरली आणि दारापासून आत निघाले. मधे एक लांब पॅसेज होता, दोन्ही बाजूंना बंद खोल्या, टोकाला एक धुरकट काच. दुपार असूनही तिथं उजेड नुसता लोंबकळत होता. मुकादम नीट चालला, नीट चालला, आणि मधोमध आडवा उभा राहिला.

"चल," मी म्हटलं. तो हलेना. गुडघ्यानं ढोसला. हलेना.

"काय झालं?" बाई मागून आल्या, भिंतीला हात लावत.

"काही नाही. पायरी नाही तिथं थांबलाय, मूर्ख."

"तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. तो तुमचं का ऐकेल? मिटून चाला."

मास्तरीण होत्या, आवाजात छडी होती. मी कुत्र्याला दारापाशी नेलं, डोळे मिटले आणि पुन्हा निघाले. डोळे मिटले की माणूस आपोआप पावलं मोजतं. नऊ, दहा, अकरा. मुकादम आडवा झाला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं. दादाच्या घरातही दारापासून पायऱ्यांपर्यंत अकराच पावलं होती.

मनात म्हटलं, सवय आहे जनावराची, दुसरं काय. आणि दादा करायचा तसं पाऊल पुढं सरकवलं.

फरशी संपली.

खरं सांगते, कड लागली पायाला. झिजलेली, गुळगुळीत, डाव्या बाजूला टवका उडालेली. तो टवका माझ्या ओळखीचा होता. डोळे उघडायला हवे होते. पण मुकादम पुढं उतरायला लागला, मुठीनं हात ओढला आणि पाय आपोआप खाली गेला. एक. दोन. तीन. गारवा वर चढत होता. चार. भिजत घातलेल्या वेताचा वास आला, बादलीतल्या शिळ्या पाण्याचा. पाच. सहा. मागं बाई काहीतरी म्हणाल्या, पण त्यांचा आवाज फार उंचावरून आला. सात.

खाली कुणीतरी विणत होतं. भोकातून ओला वेत ओढताना कुरकुर होते, मग थांबते, मग पुन्हा. कुरकुर... आणि थांबणं. मुकादमची शेपूट माझ्या पोटरीवर आपटत होती. लाडानं.

कुरकुर थांबली.

"फरशी वाळली का गं?"

आवाज तोच. जरा त्रासलेला, तिसऱ्यांदा विचारल्यासारखा.

आता तुम्हाला सांगायलाच हवं. दादा पडला त्या रविवारी त्याच्याकडं फरशी मीच पुसली. कुत्र्याच्या पायांचे ठसे उठतात म्हणून त्याला मागं नळाला बांधला. दादा पुढच्या खोलीतून विचारत होता, फरशी वाळली का गं? एकदा, दोनदा. मी मागं फडकं पिळत होते, कंबर मोडली होती, आठवडाभर इस्त्री करून हात भाजले होते. मला राग आला. म्हटलं, विचारू दे, नाही उत्तर देत. तिसऱ्यांदा विचारून तो गप्प झाला. माझं न बोलणं त्यानं हो समजलं. उठला, आणि ओल्या फरशीवर अकरा पावलं मोजायला निघाला. लोकांनी कुत्र्याला बोल लावला, पण दादा पडला तेव्हा कुत्रा मागं नळाशी बांधलेलाच होता. मी लोक यायच्या आधी तो सोडला.

माझे डोळे घट्ट मिटलेले. उघडले असते तर काय दिसलं असतं, देव जाणे.

"नाही वाळली, दादा," मी म्हटलं. "ओली आहे. थांब..."

वेत पुन्हा कुरकुरला.

"बरं. मग वाळेपर्यंत तू पण बस इथं."

जन्मभर त्याचं ऐकायची सवय. तोंडातून निघून गेलं, "बसते."

खांद्याला कुणीतरी हलवलं आणि मी डोळे उघडले. पॅसेज. सपाट फरशी. बाई माझ्याशेजारी उभ्या, हात माझ्या दंडावर.

"कोणाशी बोलत होतात?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पायऱ्यांचं नाही, कुत्रा बांधल्याचं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं. म्हटलं, "हा चुकला नव्हता, बाई. याला बोल लावू नका. चुकले मी."

त्या वाकल्या, मुकादमचं डोकं चाचपलं आणि म्हणाल्या, "राहू द्या त्याला इथं. मला चालेल."

मी लगेच सोडला नाही. डोळे मिटून तोच पॅसेज तीनदा चालून पाहिला. तो कुठंच अडला नाही. सरळ काचेपर्यंत नेलं आणि सरळ परत आणलं. मग मूठ बाईंच्या हातात दिली आणि निघाले. त्यानं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. कुत्रा गुणी आहे म्हणाल्या, मंडईत नेतो, गाडी आली की थांबतो. "एक आहे फक्त. कामवाली सांगते, रोज दुपारी तो पॅसेजमध्ये जाऊन उभा राहतो. आडवा नाही, नुसता. मान खाली घालून फरशीकडं बघतो आणि शेपूट हलवतो. आधी एकदाच हलवायचा म्हणे, आता दोनदा हलवतो. थांबून थांबून. दोघांना वेगवेगळी ओळख दिल्यासारखी."

नात आता रात्रभर झोपते. छाती वाजत नाही. त्यासाठीच सगळं केलं होतं, ते झालं. मला मात्र झोप नाही. घरात फिरत असते, या खोलीतून त्या खोलीत, पाऊल टाकण्याआधी सरकवून बघत. परवा सून म्हणाली, "आई, तुम्ही माझ्याशी बोलताना मान इतकी वर का करता? मी काय माळ्यावर बसलेय?"

तिला काय सांगू. उतरताना मी सात पायऱ्या मोजल्या, त्या नीट आठवतात. वर चढल्याचं काही केल्या आठवत नाही. तिचा आवाज मला तेव्हापासून वरूनच येतो. सगळ्यांचाच येतो. तुम्हीही जरा मोठ्यानं बोला, इथं नीट ऐकू येत नाही.