एक किलोमीटरच्या आत

घर बघताना लोक पाणी बघतात, ऊन बघतात, शेजार बघतात. रूपा ओव्हाळनं यातलं काहीच बघितलं नाही. तिनं फोनवरचा नकाशा उघडला, शाळेच्या फाटकावर बोट ठेवलं आणि तिथून चारी बाजूंना एक किलोमीटर मोजलं. त्या गोलात जे मिळेल ते घर. खाजगी शाळेत गरिबांच्या मुलांसाठी मोफत जागा असतात, आणि त्या जागांवर पहिला मान किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा असतो. दीप्ती सहा वर्षांची झाली होती. थांबायला वेळ नव्हता.

तिची नणंद संजना दोन वर्षांपूर्वी अलिबागला राहायला गेली तेव्हा सगळे म्हणाले, मजा आहे बुवा, रोज समुद्र. संजना म्हणाली, "समुद्र गेला उडत. शाळा बघून गल्ली निवडली मी." तीच अक्कल रूपानं कर्जतला वापरली. नवरा राकेश मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कंत्राटी इलेक्ट्रिशियन. त्यानं जरा कुरकूर केली, रोजची एवढी गाडी कोण मारणार म्हणून. ती म्हणाली, "तुमी मारणार. सहा वर्षांची पोर मारणार हाय का?" एरवी रूपा पुस्तकातलं मराठी बोलायची, राग आला की गावचं बोलायची. त्या उन्हाळ्यात ती बहुतेक गावचंच बोलली.

कारण घरं. कर्जतजवळ दहिवलीला त्या गोलात पाच खोल्या रिकाम्या होत्या. पहिले चार घरमालक आधी गोड बोलले, पाणी विचारलं, मग आडनाव विचारलं.

"ओव्हाळ म्हणजे कुठले तुम्ही?"

"मोहोपाड्याचे."

"तसं नव्हे हो..."

कसं ते रूपाला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला, पण हा प्रश्न काही बदलला नाही. चौथ्या घरी तर ती हातातला पाण्याचा पेला तसाच ओट्यावर ठेवून उठली. पाचवी खोली चंद्राबाईच्या चाळीतली. म्हातारीनं आडनाव विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "शाळंसाठी आलीस ना? समदी त्यासाठीच येतात. टिकत नाय कोन." रूपाला वाटलं, भाड्याबद्दल बोलतेय.

खोलीपासून शाळेपर्यंत एकच सरळ डांबरी रस्ता. डाव्या हाताला भाताची मोकळी खाचरं, उजव्या हाताला कुणा मुंबईकराच्या फार्महाऊसची लांब भिंत, आणि टोकाला शाळेचं निळं फाटक. रूपा एका ठेकेदाराकडे विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायची. आपल्याला वाटतो तो आकडा लिहायचा नाही, दिसतो तो लिहायचा, हे तिच्या अंगात मुरलं होतं. रस्ता तिनं स्वतः मोजला. स्कूटीवर शून्य पूर्णांक आठ किलोमीटर. विजेचे खांब अठरा, प्रत्येकावर पिवळ्या पट्ट्यात काळा नंबर. एक नंबर चंद्राबाईच्या दारात, अठरावा फाटकाला लागून. अर्ज भरला, नकाशावर घराची खूण केली, आणि सोडतीत दीप्तीचा नंबर लागला. रूपानं चाळीत पेढे वाटले. चंद्राबाईनं पेढा घेतला आणि पदराला बांधून ठेवला.

मे महिन्यात कागद दाखवायला बोलावलं. मुलीला सोबत आणा, असं पत्रात होतं. रूपानं दीप्तीला स्कूटीवर पुढं उभं केलं आणि निघाली. ऊन रणरणत होतं. फार्महाऊसची भिंत जरा जास्तच वेळ चालली असं तिला वाटलं. फाटकाशी पोचून सवयीनं आकडा बघितला, तर एक पूर्णांक एक. जुनी गाडी, काटा बिघडला असेल, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीला एक आदिवासी ठाकूर बाई पानांच्या द्रोणांत करवंदं मांडून बसली होती. भागी तिचं नाव. गिऱ्हाईक शाळेतून बाहेर येणार, पण ही बसली होती शाळेकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून.

"इकडं कुणाला विकतेस गं?" रूपानं विचारलं.

"इकाया नाय बसली. पोर येते माजी. सुनंदा. तिच्याकडं बघते."

रूपानं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. उन्हात डांबर पातळ दिसत होतं, इतकंच.

चार दिवसांनी शाळेतले कारकून जगदीश सर घर तपासायला आले. भिडस्त, घामेजलेला माणूस. दारात दीप्तीचा फोटो काढला आणि म्हणाले, मुलीला घेऊन चालत जाऊ, फोनवर अंतर नोंदवावं लागतं. तिघं चालले. दीप्तीनं रूपाचा हात धरला होता. शाळेची पिवळी व्हॅन त्यांना मागे टाकून गेली, फाटकाशी थांबली, सुट्टीतल्या शिबिराची पाच मुलं उतरून आत गेली. हे तिघं चालतच होते. जगदीशनं एकदाही मान वर केली नाही. फाटकाशी त्यांनी फोन पुढं धरला. एक पूर्णांक तीन.

"बसत नाही, ताई. किलोमीटरच्या आत पाहिजे."

रूपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आठशे मीटर हाय ह्यो रस्ता. रोज मीटर वाचते मी, मला आकडे शिकवता? कुनाला बसवायचाय त्या जागंवर? नाव सांगा!"

"कुणाला नाही हो." जगदीश इतके हळू बोलले की तिला ऐकायला वाकावं लागलं. "काही मुलांना घेऊन मोजलं की असंच भरतं. माझा मुलगा सोबत असतो तेव्हा आठशेच भरतं."

असलं ऐकून घेणारी रूपा नव्हती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण तिच्या मते हे विघ्न आपोआप आलेलं नव्हतं. कुणीतरी आणलेलं होतं, आणि तो कुणीतरी ती शोधून काढणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी चालत गेली. खांब अठरा. परत आली, दीप्तीचा हात धरला, पुन्हा निघाली. या खेपेला एकेक नंबर मोठ्यानं वाचत.

चौदा. पंधरा. सोळा. सतरा.

पुढचा खांब आला. सतरा.

त्याच्या पुढचा. सतरा. पट्टीवरच्या रंगाचा ओघळसुद्धा तसाच, डाव्या बाजूला. समोर निळं फाटक, भागीचं हिरवं लुगडं, भिंतीवर वाळत टाकलेलं पायपुसणं, सगळं हाकेच्या अंतरावर. सव्वीस खांब मोजल्यावर अठरावा आला. दीप्ती दमली होती. "आई, हा रस्ता कोणी वाढवला?" तिनं विचारलं.

रूपा घाबरली का? घाबरली. पण भीती तिच्यात फार वेळ टिकत नसे, लगेच तिचा राग व्हायचा. परत फिरताना मात्र एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मुलीचा हात धरून घराकडे तोंड केलं की रस्ता आठशेच होता. दहा मिनिटांत घर. म्हणजे माघारीला कुणाची ना नव्हती. हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

तिनं तक्रार लिहिली, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, फेरमोजणी मागितली. मोजणीच्या दिवशी दीप्तीला तिनं मुद्दाम चंद्राबाईपाशी ठेवलं. "मुलगी आजारी हाय. रस्ता मोजायचाय का पोर?" जगदीशनं मुकाट्यानं मोजलं. शून्य पूर्णांक आठ. कागदावर शिक्का बसला, प्रवेश निश्चित. राकेशनं रात्री मटण आणलं. रूपानं गणवेश घेतला, दीप्तीला दप्तर पाठीला लावून दोनदा चालवून बघितलं, आणि खूप दिवसांनी मनापासून हसली.

शाळा उघडली तेव्हा पावसानं ओढ दिली होती. आभाळ भरलेलं, वारा नाही. राकेशला रजा मिळाली नाही. साडेसातची शाळा म्हणून रूपा साडेसहालाच निघाली. गाडीवर भरवसा नव्हता, चालत निघाली. दीप्तीच्या दोन वेण्यांना लाल रिबिनी होत्या. ती गाणं म्हणत होती.

सतरा. सतरा. सतरा.

सातला पिवळी व्हॅन गेली. नंतर मोटारी गेल्या, सायकली गेल्या. वडिलांचं बोट धरून एक मुलगा चालत गेला, ह्यांच्या पुढं, आणि पंचवीस पावलांत फाटकात शिरला.

साडेसातला घंटा झाली. रूपाला ती स्पष्ट ऐकू आली. राष्ट्रगीत लागलं तशी दीप्ती रस्त्यावरच ताठ उभी राहिली, तिला कुणी न सांगता. मग पुन्हा चालायला लागल्या.

सतरा. सतरा.

आठ वाजले. नऊ वाजले. दीप्तीनं डबा रस्त्यावर खाल्ला. पाण्याची बाटली संपली. फाटकाशी जगदीश उभे होते, हातात हजेरी. भागी उठून उभी राहिली होती आणि दोन्ही हातांनी काहीतरी खुणावत होती. मागे फिर म्हणत होती की पुढे ये, कळत नव्हतं.

"आई, घरी जाऊ या."

"नाय जायचं!" रूपा ओरडली. "आपली जागा हाय ती. शिक्का हाय त्याच्यावर. कुनाच्या बापाची नाय."

आणि मग तिनं हिशेब केला, मीटर वाचणाऱ्या बाईनं करावा तसा. एकटीला आठशे मीटर. दोघींना हा असा. म्हणजे अडतंय ते हातात हात असल्यामुळं. तिनं दीप्तीला खांबापाशी उभं केलं, दप्तराचे पट्टे घट्ट केले.

"मी फाटकाशी जाते. हाक मारली की पळत ये. समोरच हाय, बघ."

तिनं हात सोडला.

तीस पावलं चालली. अठरा नंबरचा खांब. फाटक. लोखंड हाताला टणक, खरंखुरं. रूपानं वळून बघितलं. दीप्ती खांबापाशी उभी होती, हसत, सांगितलं होतं तशी.

"ये!"

दीप्ती पळाली.

तिच्या बुटांचा आवाज येत होता. रिबिनी उडत होत्या. ती पळत होती, आणि खांब तिच्या शेजारीच होता.

"ये गं! ये लवकर!"

दीप्ती अजून जोरात पळाली.

रूपा तिच्याकडे धावत सुटली. सतरा, सोळा, पंधरा, एक, चंद्राबाईचं दार. वाटेत कुणी नव्हतं. ती तशीच मागं फिरून धावली. फाटकाशी येऊन वळली, तर दीप्ती पळत येत होती.

राकेश आला. दुपारपासून गाडीतलं पेट्रोल संपेपर्यंत तो त्या रस्त्यानं येरझाऱ्या घालत राहिला. पोलिसांची जीप आली, फाटकातून रस्त्यावर गेली आणि चार मिनिटांत परत आली. वाटेत कोणी मुलगी नाही, हवालदार म्हणाला. मग त्यानं मान वळवून बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. पुढं त्यानं कागदावर काय लिहिलं ते कुणी वाचलं नाही.

संध्याकाळी जगदीशनं हजेरी दाखवली. दीप्ती राकेश ओव्हाळ, हजर.

"दिसते ना, ताई? मग गैरहजर कशी लावू?"

रूपानं त्यांच्या कानफटात मारली. जगदीशनं ती खाल्ली आणि ते गाल पुसत उभे राहिले. महिन्याअखेरीस तिच्या फोनवर शाळेचा संदेश आला. उपस्थिती शंभर टक्के, अभिनंदन.

रूपानं खोली सोडली नाही. काम सोडलं. तिनं अर्ज केले, वकील गाठला, कचेरीत साहेबांच्या टेबलावर चप्पल आपटली. पाऊस लागला, खाचरांत लावणी झाली, भात पिकून कापून गेलं, आणि ती रोज सकाळी फाटकाशी येऊन भिंतीला टेकून रस्त्याकडे तोंड करून बसायला लागली. शिव्या द्यायची. रस्त्याला, शाळेला, चार घरमालकांना, स्वतःच्या सुटलेल्या हाताला. भागी ऐकायची.

एका सकाळी रूपाचा आवाज बसला होता. भागीनं तिला पाणी दिलं आणि सरकून जवळ बसली.

"तिच्या मागं बघ," ती म्हणाली.

रूपानं डोळे बारीक केले. दीप्तीच्या बरंच मागं, सोळाव्या खांबाच्या आसपास, तिला पहिल्यांदाच दुसरी मुलगी दिसली. मोठी, दहा-अकराची. गणवेश पहिलीचाच, मांड्यांपर्यंत आखूड झालेला.

"माजी सुनंदा," भागी म्हणाली. "तुजी अजून पळते, ताई. माजी चालाया लागली."